एक वाव दोर

फार पूर्वी एका उंच, कोरड्या माळावर एक गाव होतं. गावात देऊळ होतं, चावडी होती आणि पारावर बसून बोलणारी म्हातारी माणसं भरपूर होती. विहीर मात्र एकच. ती इतकी खोल होती की आत खडा टाकला तर त्याचा आवाज वर येईपर्यंत माणूस दुसऱ्याच विचाराला लागायचा.

एवढ्या खोल विहिरीचा दोर वळणं कुणा एका घराला झेपणारं नव्हतं. म्हणून गावात एक रीत होती. सुगी संपली की प्रत्येक घरानं अंबाडीचा एक वाव दोर वळून आणायचा. दोन्ही हात पसरले की जेवढी लांबी भरते ती एक वाव. दोर तीन पदरी हवा, पीळ घट्ट हवा. मग सगळ्या घरांचे तुकडे एकमेकांत गुंफून विहिरीचा नवा दोर व्हायचा. पाणी शेंदताना तो हातातून सरकला की डोळे मिटूनही कळायचं, हा लोहाराचा राठ तुकडा, हा तेल्याचा गुळगुळीत, हा मेंढक्याचा, मध्येच लोकरीचा धागा घातलेला. कुणाच्याही घागरीत पाणी यायचं ते साऱ्या गावाच्या हातांवरून वर यायचं.

रीत चांगली होती. ती चालवणारे म्हातारे मात्र पक्के होते. दोराचं वरचं टोक रहाटापाशी कोरडं राहतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. खालचं टोक रोज भिजतं, कुजतं, दर वर्षी बदलावं लागतं. गावच्या पाच पंचांचे तुकडे सगळ्यात वर होते. ते त्यांच्या आजोबांनी कधीकाळी वळलेले होते आणि त्यावरच हे पाच जण आजही मान मिळवत होते. सगळ्यात खालचा, पोहऱ्याच्या कडीला बांधलेला तुकडा रंगारणीचा होता.

ही रंगारीण गावाच्या टोकाला एकटी राहायची. वय फार नव्हतं. आईबाप एकाच तापात गेले होते. मागं राहिलं एक खोपट आणि आजोबांनी जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले निळीचे रांजण. नीळ ही जिवंत वस्तू. तिला रोज पाणी घालावं लागतं, ढवळावं लागतं, नाहीतर ती मरते आणि मेलेली नीळ कपड्याला धरत नाही. आजोबांनी लावलेली ती नीळ एक दिवसही मेली नव्हती. रंगारणीला जगाकडून दुसरं काही नको होतं. तिच्या हातून ती मरू नये, एवढंच हवं होतं.

तिचे हात कोपरापर्यंत निळे. त्या हातांनी दोर धरला की बायका नाकं मुरडायच्या, म्हणून ती भर दुपारी, विहिरीवर चिटपाखरू नसताना पाण्याला जायची. दिवसभरात तिच्याशी बोलणारं माणूस एकच, साळ्याची बायको. ती सूत घेऊन यायची, रंग चढेपर्यंत उंबऱ्यावर बसायची आणि गावातल्या एकेकाची अशी काही नक्कल करायची की रंगारीण ढवळायचं विसरून हसत बसायची. साळीण उठून गेली की खोपटात पुन्हा सामसूम. रांजणात बुडबुडे फुटायचे तेवढाच आवाज.

एका वर्षी गावातली तरणी पोरं एकामागून एक माळ उतरून गेली ती परत आली नाहीत. पंचांनी पारावर बसून खूप काळजी केली. पोरं का गेली हे पोरांना विचारावं, असं पाचांतल्या एकालाही सुचलं नाही. त्यांना सुचलं ते असं की बाहेरून कुणीतरी मोठा माणूस यावा आणि गावाचं भलं करून टाकावं.

आणि खरंच एक शेठ आला. बैलगाड्यांची रांग, गाड्यांवर तांब्याच्या मोठमोठ्या कढया, बरोबर कामाची माणसं. तो धंद्यानं रंगारीच होता, फक्त फार मोठा. पंचांनी वेशीला तोरण बांधलं आणि सतरंजी अंथरली.

शेठनं रामराम घातला आणि म्हणाला, "इथं रंगघर काढावं म्हणतोय. तुमच्याकडं नव्या घराला रीतभात काय असते ती..."

"तुम्हांला कसली रीत, शेठ," मोठे पंच त्याचं बोलणं तोडून म्हणाले. दुसऱ्या गावानं याला आधीच बोलावलं असेल या भीतीनं त्यांना दरदरून घाम फुटला होता. "दोर माफ."

"दहा वर्षं माफ," दुसरे पंच म्हणाले.

तिसऱ्यांनी पहाटेचं पहिलं पाणी देऊन टाकलं. चौथ्यांनी गावठाणातली सपाट जागा दिली. पाचव्यांकडं द्यायला काही उरलंच नाही, तेव्हा त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून शेठच्या डोक्यावर ठेवलं.

शेठनं पाचांच्या तोंडाकडं आळीपाळीनं पाहिलं. मग म्हणाला, "बरं."

खोटं कशाला बोला, पहिलं वर्ष चांगलं गेलं. रंगघरात पुष्कळांना काम मिळालं. घराघरांत दोन वेळची चूल पेटली, पोरांच्या अंगावर नवे अंगरखे आले. शेठ माणूस वाईट नव्हता. बोलल्याप्रमाणं वागायचा, कामाचे पैसे वेळेवर द्यायचा. फक्त त्याला पाणी फार लागायचं. पहाटेपासून त्याचे बैल दोर ओढायचे, गावाला मिळायचं ते त्यानंतर. दोर पूर्वी वर्षभर पुरायचा, तो आता सहा महिन्यांत झिजू लागला. आणि जो सगळ्यांत जास्त झिजवत होता त्याचा त्यात एक धागाही नव्हता.

पंच बसले. त्यांनी ठरवलं की बाकीच्या घरांनी थोडा जास्त दोर द्यावा. गावासाठी एवढं करायलाच हवं, असं मोठे पंच म्हणाले. म्हणजे गावानं करायला हवं. पंचांचे तुकडे वर होते आणि शाबूत होते.

मग लोहार चावडीवर गेला आणि म्हणाला, मलाही खालच्या गावाचं बोलावणं आहे, ऐरण गाडीत घालायला कितीसा वेळ लागतो. पंच घाबरले, लोहाराला दोर माफ झाला. त्याचं बघून तेली गेला. त्यानं मेव्हण्याच्या गावाचं नाव घेतलं. मेव्हणा होता की नव्हता देव जाणे, पण माफी मिळाली. मग सुतार. ज्याच्याकडं गाडी होती, बैल होता, नाहीतर निदान खोटं बोलायला तोंड होतं, तो सुटला. प्रत्येक सुटलेल्याचा वाटा न सुटलेल्यांवर पडत गेला. शेवटी उरली ती म्हातारी माणसं, लंगडा मेंढका, साळी आणि रंगारीण.

रंगारणीचं दुहेरी मरण झालं. दोर वळता वळता तिचे दिवस जायचे आणि रंगाचं काम मागं पडायचं. शेठला दोर वळावा लागत नव्हता, म्हणून त्याच्याकडं रंग लवकर मिळायचा आणि स्वस्तही. तिच्या दारात येणारी गाठोडी कमी झाली, मग थांबली.

एका दुपारी साळीण तिला वाटेत भेटली. काखेतलं सुताचं गाठोडं तिनं चटकन पदराखाली घेतलं.

"शेठकडं चाललीस?" रंगारणीनं विचारलं.

"नाही गं. म्हणजे, तिकडंच. आमच्या ह्यांनी सांगितलं." साळीण तिच्या पायांकडं बघत होती. "तुझा रंगच चांगला, मी म्हणाले त्यांना. येईन मी. अशीच बसायला येईन."

ती आली नाही. काम नसताना कुणाच्या उंबऱ्यावर बसायला सवड असते ती पंचांना. रंगारीण संध्याकाळी उंबऱ्यावर दोर वळत बसायची आणि समोरची रिकामी जागा मुद्दाम झाडून ठेवायची.

मग एक दिवस ती चावडीवर गेली. रंगारी घराण्यातली बाई चावडीची पायरी चढली, याचंच पंचांना आधी वाईट वाटलं.

ती म्हणाली, "मी पण रंगच देते. आजोबांपासून आमचा दोर विहिरीत आहे. शेठना माफ, तर मला माफ नको, पण वाढीव तरी नको."

मोठे पंच हसले. हसण्यात रागबिग नव्हता, ते अगदी मायेनं हसले आणि तेच जास्त वाईट होतं. "पोरी, शेठ उद्या उठून जाऊ शकतो. त्याच्या कढया गाडीत चढतात. तुझे रांजण जमिनीत पुरलेत. तू कुठं जाणार?"

"म्हणजे जाऊ शकतो त्याला माफी. आणि राहतो त्याला?"

"राहणाऱ्याला गाव असतं," मोठे पंच म्हणाले.

बाकीच्या चौघांनी माना डोलावल्या. फार मोठं काहीतरी बोलून झालं, असं सगळ्यांना वाटलं. रंगारीण खाली उतरली. घरी जाताना तिला वाटेत कुणी ओळख दिली नाही. राहणाऱ्याला असलेलं गाव ते हेच.

पुढच्या सुगीला दोर काही केल्या पुरेना. वळणारे हात थोडे आणि विहीर तेवढीच खोल. तेव्हा पंचांनी अक्कल लढवली. तीन पदरांऐवजी दोन पदरांचा दोर वळायचा. तेवढ्याच अंबाडीत दीडपट लांबी. ही युक्ती काढल्याबद्दल पंचांनी एकमेकांना शाबासकी दिली आणि देवळात नारळ फोडला. हे वाकडं आहे हे दोर वळणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं. गावच्या माणसांत जन्मात कधी दोर न वळलेले फक्त पाच जण होते आणि ठरवायचं काम त्यांच्याकडंच होतं. वडीलधाऱ्यांना उलटून बोलू नये, एवढं एकच शिकवून गावानं पोरांना मोठं केलं होतं, त्यामुळं कुणी बोललं नाही. रंगारीण बोलली. तिला सांगण्यात आलं की एकट्या राहणाऱ्या बाईला संशयाची खोड लागते.

तिनं आपला तुकडा मात्र तीन पदरीच वळला.

ऐन उन्हाळ्यात, सकाळी सगळ्यांच्या देखत दोर तुटला. शेठचे बैल भरला पोहरा ओढत होते. मधला दोन पदरी दोर उसवत गेला, एक झटका बसला आणि पोहऱ्यासकट सगळा दोर विहिरीत गेला. लंगड्या मेंढक्याचा, साळ्याचा, रंगारणीचा, सगळ्यांचा. वर रहाटाला लोंबकळत राहिले ते पाच पंचांचे पाच तुकडे. त्यांना कधी पाणी लागलंच नव्हतं.

नवी अंबाडी यायला थंडी उजाडावी लागणार होती. कुणाच्याच घरात अंबाडीच्या वाकाची एक पेंढीही शिल्लक नव्हती, सगळा धागा दोरात गेला होता. शेठनं दोन दिवस वाट पाहिली, कामकऱ्यांचा हिशेब चुकता केला आणि कढया गाड्यांवर चढवल्या. पंच हात जोडून गाड्यांपुढं उभे राहिले. मोठे पंच म्हणाले, अजून दहा वर्षं माफ करतो, वीस करतो, शेतसारा, वेठ, मागाल ते माफ करतो.

"माफीत कापड बुडवता येत नाही, पंच," शेठ म्हणाला. त्यानं पागोटं काढून परत दिलं आणि गाड्या माळ उतरून गेल्या.

मग ज्यांची जायची सोय होती ते गेले. लोहार, तेली, सुतार. ज्यांना थांबवण्यासाठी माफी दिली ते सगळ्यांत आधी गेले. मग ज्यांची सोय नव्हती तेही निघाले, कारण तहानेला सोय विचारता येत नाही. एका सकाळी रंगारीण साळणीच्या घरी गेली. कडीला सुतळी बांधलेली होती. सांगायला येईन येईन म्हणता साळणीला कदाचित तोंड दाखवणं जमलं नसेल. रंगारीण बंद दारासमोर थोडा वेळ उभी राहिली. सुतळीची गाठ साळणीचीच होती, दुहेरी.

ती माळाच्या कड्याखालच्या कपारीतून पाझरणारं पाणी लोट्यानं गोळा करायची. अर्धं प्यायची, अर्धं रांजणांत घालायची. खरं तर तीन वाटे रांजणांत आणि एक स्वतःला. तरी एकेका रांजणातले बुडबुडे कमी होत गेले.

तेव्हा पाचही पंच तिच्या दारात आले. आयुष्यात पहिल्यांदाच आले होते, त्यामुळं कुठं बसावं ते त्यांना कळेना. झाडून ठेवलेल्या जागेवर मोठे पंच बसले. माणसंच नसली तर पंच कुणाचे, हा प्रश्न त्यांना आता पडला होता.

"आजपासून तुला सगळं माफ," ते म्हणाले. "दोर माफ, पाणी माफ. तू फक्त राहा."

रंगारणीनं हातातला लोटा त्यांना दाखवला. तळाशी थोडं पाणी होतं. "हे मी आणलंय," ती म्हणाली. "यातलं तुम्ही काय माफ करणार?"

एकानं लोट्याकडं पाहून ओठांवरून जीभ फिरवली. तिनं लोटा त्याच्या हातात दिला. आळीपाळीनं पाचांनी घोट घेतला आणि ते उन्हातून परत गेले. त्या दिवशी रांजणांना पाणी मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं शेवटच्या रांजणाला कान लावला. आत काहीच फुटत नव्हतं.

ती रडली नाही. रोज संध्याकाळी झाकायची तशी तिनं सगळ्या रांजणांवर झाकणं ठेवली, कडेचं सांडलेलं पुसून काढलं आणि चालायला लागली. वेशीवर तोरणाची वाळकी पानं अजून होती. जाताना तिला हाक मारणारं कुणी नव्हतं. कुणाचा निरोप घ्यायचा राहिला, असंही नव्हतं.

माळ उतरून, ओढा ओलांडून, खूप चालल्यावर दुसरं एक गाव लागलं. वेशीच्या आतच विहीर होती, आणि विहिरीपाशी एक म्हातारी अंबाडी सोलत बसली होती. तिनं रंगारणीचे निळे हात पाहिले, धुळीनं भरलेले पाय पाहिले, आणि आधी पाणी दिलं. पिऊन होताच म्हणाली, "राहणार असशील तर एक वाव दोर."

नाव नाही विचारलं, जात नाही, गाव नाही. पहिलं दोराचं.

"मला माफी नाही?" रंगारणीच्या तोंडून निघून गेलं. इतकी वर्षं तो शब्द ऐकून ऐकून तो जिभेवरच बसला होता.

"का? तू पाणी पीत नाहीस?" म्हातारी म्हणाली आणि अंबाडीची पेंढी तिच्यापुढं टाकली.

बाजूला झाडाच्या सावलीत आणखी काही माणसं दोर वळत होती. रंगारीण पेंढी घेऊन तिकडं गेली आणि जागच्या जागी थांबली. बोडक्या डोक्यानं, मांडी घालून, अंगठ्याला दोर गुंडाळून शेठ बसला होता. त्याची सगळी माणसं शेजारी ओळीनं बसून तेच करत होती. शेठला दोर वळणं चांगलं येत नव्हतं. पीळ सुटत होता, तो पुन्हा देत होता. पुढ्यात दोराचा मोठा ढीग होता.

त्यानं तिला ओळखलं. "रंगारीण ना तुम्ही? बसा."

ती बसली नाही. "तिकडं तुम्हांला दहा वर्षं दोर माफ होता."

"होता."

"मग इथं का वळताय?"

"इथलं पाणी चांगलं आहे. रंग धरून ठेवतं. असं पाणी दोनच गावांत आहे, तुमच्या आणि या. तुमच्याकडं त्यासाठीच आलो होतो." शेठनं ढिला झालेला पदर पुन्हा ओढून घेतला. "इथं ही म्हातारी म्हणाली, जेवढं उपसणार तेवढा दोर. घासाघीस करून पाहिली. ऐकेना. म्हटलं, बरं."

रंगारणीनं दुसरं पाणी कधी पाहिलंच नव्हतं. सगळ्याच विहिरींचं पाणी रंग धरत असेल, असं तिला वाटत आलं होतं.

"तिकडं मागितला असता तर दिला असता?" तिनं विचारलं.

"दिला असता की. पाण्यासाठी आलेला माणूस दोराला कशाला मागं हटेल?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात कपट नव्हतं आणि लाजही नव्हती. "पण मागितलाच नाही कुणी. देणारा आपण होऊन माफ करत असेल तर नको कोण म्हणतं?"

रंगारीण माळाच्या दिशेनं वळली. धावत परत जावं आणि त्या पाच जणांच्या कानात हे ओरडून सांगावं, असं तिला वाटलं. पण त्यांनी माना डोलावल्या असत्या, आणि नव्या शेठसाठी आणखी काय माफ करता येईल ते ठरवायला पुन्हा पारावर बसले असते.

ती खाली बसली. डाव्या बाजूची बाई थोडी सरकली आणि तिनं जागा करून दिली. रंगारणीनं धाग्याचे तीन पदर वेगळे केले आणि पहिला पीळ घातला.

तात्पर्य, आणि हे मोठ्यांनी लहानांच्या आधी वाचावं: दारात आलेल्याला काय सोडायचं हे ठरवण्याआधी तो कशासाठी आलाय ते विचारा. जाऊ शकणाऱ्याचं ओझं राहणाऱ्याच्या पाठीवर टाकून जे गाव वसवायला जातात, त्यांच्याकडं शेवटी दोघांपैकी कुणीच राहत नाही.